ऊस बिलाच्या टप्प्यांसाठी मेसेज क्यू: आधी टेबल, मग ब्रोकर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं ऊस बिलाचं सॉफ्टवेअर तुमची टीम सांभाळते. काट्यावर वजन झालं की पावती निघते, सभासदाच्या खात्यावर टनेज चढतं, मोबाइलवर एसएमएस जातो. पंधरवडा बंद झाला की बिलं तयार होतात, तोडणी-वाहतूक आणि सोसायटीच्या कर्जाची कपात होते, पैसे सोडायची यादी बँकेकडे जाते आणि हिशोब खात्यात जर्नल पडतं. हे सगळं रात्री चालणाऱ्या एका लांबलचक जॉबमध्ये कोंबलेलं आहे. तो मध्येच पडला की पहिल्यापासून चालवावा लागतो, आणि त्यातून गेल्या हंगामात काही जणांची कपात दोनदा झाली. आता रॅबिटएमक्यू आणायचं घाटतंय, म्हणजे एका प्रोग्रामचे निरोप (मेसेज) रांगेत (क्यूत) ठेवून दुसऱ्याला पोचवणारा मध्यस्थ, ब्रोकर. तुम्ही विचारलंय की प्रत्येक टप्प्याला वेगळी क्यू ठेवून मेसेज एकीतून दुसरीत ढकलत न्यावा, की सरळ काफ्का, म्हणजे तसाच पण फार मोठ्या प्रवाहांसाठीचा ब्रोकर, घ्यावं?

मी सांगलीत राहून कारखान्यांची आणि मार्केट यार्डातल्या अडत पेढ्यांची सॉफ्टवेअर बरीच वर्षं करतोय. माझं मत स्पष्ट आहे: या दोन्ही पर्यायांच्या आधी एक काम करायचं राहिलंय. प्रत्येक बिल या क्षणी कोणत्या टप्प्यावर आहे, हे डेटाबेसमधल्या एका टेबलात लिहिलेलं असलं पाहिजे आणि सगळ्या प्रणालीने तेच खरं धरलं पाहिजे. क्यूचं काम फक्त 'या बिलाकडे बघ' एवढा निरोप पोचवण्याचं. तोडणीची चिठ्ठी आणि शेती विभागाची नोंदवही यांचं जे नातं, तेच इथे मेसेज आणि टेबलाचं. चिठ्ठी हरवली तर वही बघून दुसरी देता येते. वहीच नसेल तर हातातल्या चिठ्ठीला अर्थ उरत नाही.

एवढा आग्रह का, ते सांगतो. रॅबिटएमक्यू घ्या, ॲमेझॉनची एसक्यूएस घ्या किंवा काफ्का घ्या, व्यवहारात मिळणारी हमी 'किमान एकदा पोचेल' अशी असते. वर्करने, म्हणजे क्यूतून मेसेज उचलून काम करणाऱ्या प्रोसेसने, मेसेज घेतला, कपात केली, डेटाबेसमध्ये कमिट झालं, म्हणजे नोंद पक्की झाली, आणि ब्रोकरला 'झालं' असं कळवायच्या आत, म्हणजे ॲक जायच्या आत, वीज गेली. ब्रोकरच्या लेखी काम झालेलंच नाही. तो तोच मेसेज दुसऱ्या वर्करला देतो. यात ब्रोकरची चूक काही नाही, त्याने असंच वागावं म्हणून तर तो ठेवलेला असतो. काफ्कामध्ये 'नेमकं एकदाच' अशी सोय आहे खरी, पण ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरती आहे. बँक, एसएमएस गेटवे, जीएसटीचं पोर्टल त्या व्यवहारात सामील नसतात. म्हणजे ब्रोकर कोणताही आणा, प्रत्येक टप्पा दोनदा चालला तरी परिणाम एकदाच होईल, ही जबाबदारी तुमच्याच कोडवर राहते.

आता एका क्यूतून दुसऱ्या क्यूत ढकलत नेण्याबद्दल. कागदावर ते फार सुटसुटीत दिसतं: 'बिल तयार' क्यू, तिच्यापुढे 'कपात' क्यू, मग 'बँक', मग 'जर्नल'. अडचण येते ती शेती ऑफिसरला गावाकडून फोन येतो तेव्हा. "साहेब, शेजारच्याचे पैसे जमा झाले, आमचं बिल कुठं अडकलंय बघा की." क्यूमध्ये असलेला एखादा मेसेज सभासद कोडवरून शोधता येत नाही. तो चार क्यूंपैकी कोणत्या क्यूत आहे, एखाद्या वर्करच्या हातात आहे की चुकीच्या मेसेजांच्या ढिगात जाऊन पडलाय, हे कळायला तुम्हाला लॉग उपसत बसावं लागतं. शिवाय 'कपातीनंतर काय' हे कपातीच्या वर्करच्या कोडमध्ये, 'बँकेनंतर काय' हे बँकेच्या वर्करमध्ये, असं काम वाटलं जातं आणि बिलाचा पूर्ण प्रवास लिहिलेली एकही जागा राहत नाही. उद्या संचालक मंडळाने ठरवलं की ठरावीक रकमेच्या वरच्या बिलांना मुख्य लेखापालांची मंजुरी हवी, तर तीन वर्कर उघडावे लागतात.

म्हणून पैशाच्या कामाला एक समन्वयक ठेवा. तो टेबल बघतो, पुढचा टप्पा ठरवतो, त्या टप्प्याच्या वर्करला मेसेज देतो. वर्कर आपलं काम करून निकाल कळवतो आणि समन्वयक टेबल पुढे सरकवतो. एसएमएस, ॲपवरची नोंद, डॅशबोर्ड, अहवाल यांना मात्र हा थाट नको. 'बिल मंजूर झालं' अशी घटना एकदा जाहीर करा, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. त्यातलं एखादं बंद पडलं म्हणून शेतकऱ्याचे पैसे अडता कामा नयेत.

टेबल कसं असावं? एका बिलाला एक ओळ: बिल क्रमांक, सध्याचा टप्पा, स्थिती, पुढचा प्रयत्न कधी, आतापर्यंत किती प्रयत्न झाले, शेवटची चूक काय, आणि ओळ शेवटची कधी बदलली. शेजारी इतिहासाचं दुसरं टेबल, त्यात प्रत्येक बदलाची फक्त भर पडते, काही खोडलं जात नाही. स्थिती 'बाकी', 'चालू', 'झालं', 'चुकलं' एवढ्या चारच ठेवण्याचा मोह होतो. पाचवी हवीच: 'खात्री नाही'. तिच्याकडे बँकेच्या टप्प्यावर येतो. टप्पा पुढे सरकवतानाचा अपडेट नेहमी अटीसह लिहा: 'टप्पा अजून कपात असेल तरच बँक कर'. शून्य ओळी बदलल्या तर समजायचं की दुसऱ्या कोणीतरी हे आधीच केलंय, आणि गुपचूप ॲक देऊन मोकळं व्हायचं.

इथे एक फट राहते आणि बहुतेक जण तिच्यात अडकतात. बिल पुढच्या टप्प्यावर गेल्याचं डेटाबेसमध्ये लिहायचं आणि पुढचा मेसेज ब्रोकरला द्यायचा, या दोन गोष्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे 'सगळं होईल किंवा काहीच नाही' अशा एका गठ्ठ्यात, बसत नाहीत. आधी कमिट केलं आणि मेसेज द्यायच्या आत प्रोसेस पडली, तर बिल कायमचं लटकतं. आधी मेसेज दिला आणि कमिट फसलं, तर न झालेल्या कपातीवर बँकेची यादी निघते. उपाय जुना आणि साधा आहे: आउटबॉक्स टेबल. टप्पा बदलतानाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पाठवायच्या मेसेजची ओळ आउटबॉक्समध्ये टाका. एक वेगळी छोटी प्रोसेस त्या ओळी उचलून ब्रोकरला देते, ब्रोकरकडून पोच आली की ओळीवर खूण करते. रॅबिटएमक्यूमध्ये ही पोच, म्हणजे पब्लिशर कन्फर्म, मुद्दाम सुरू करावी लागते. ती नसेल तर मेसेज पोचला की वाटेत गेला, हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. ही प्रोसेस खूण करण्याआधी पडली तर मेसेज दोनदा जाईल, आणि ते चालेल, कारण टप्पे दोनदा चालले तरी निभावतील असेच आपण लिहिणार आहोत.

ते लिहायचं कसं, हा या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. मेसेजला यादृच्छिक आयडी देऊन 'हा आयडी पाहिलाय का' असं विचारणं पुरत नाही. जॉब कोणी हाताने पुन्हा चालवला की नवे आयडी तयार होतात आणि दुहेरी कपात पुन्हा उगवते. ओळख व्यवहारातून घ्या. कपातीच्या ओळीसाठी हंगाम, सभासद कोड, पंधरवडा, बिलाचा प्रकार, बिलाचा अनुक्रम आणि कपातीचा प्रकार, या सगळ्यांवर मिळून युनिक बंधन टाका, म्हणजे तीच ओळ डेटाबेस दुसऱ्यांदा लिहूच देणार नाही. बिलाचा प्रकार आणि अनुक्रम विसरू नका. पहिली उचल, दुसरा हप्ता, दिवाळीचा हप्ता, वजनातल्या दुरुस्तीचं फरक बिल, असं एकाच उसावर अनेकदा बिल निघतं. हे दोन रकाने नसले की दुसरा हप्ता 'आधीच झालेला' समजून गाळला जातो, आणि ती चूक दुहेरी कपातीपेक्षा उशिरा लक्षात येते. 'आधी तपासायचं, नसेल तर लिहायचं' असा कोड नको. दोन वर्कर एकाच क्षणी तपासतात, दोघांनाही काही दिसत नाही, दोघंही लिहितात. सरळ लिहायला जा आणि बंधनाने अडवलं तर 'झालेलं आहे' असं धरा.

आता बँक. हा टप्पा बाकीच्यांसारखा नाही, त्याला वेगळं वागवा. तुम्ही बँकेच्या एपीआयला यादी दिली आणि तीस सेकंदांत उत्तर आलं नाही. बहुतेक कोडमध्ये याला अपयश समजून पुन्हा पाठवलं जातं. पण उत्तर न येण्याचा अर्थ 'पैसे गेले नाहीत' असा होत नाही. पैसे गेलेले असू शकतात, फक्त उत्तर वाटेत अडकलं. म्हणून ती पाचवी स्थिती. 'खात्री नाही' असलेल्या ओळीवर पैसे पाठवायची विनंती पुन्हा करायची नाही, चौकशीची विनंती करायची, आणि तीही तुमच्याच संदर्भ क्रमांकाने. तो क्रमांक विनंती पाठवण्याआधी तयार करून टेबलात कमिट केलेला हवा. पाठवताना तयार केला आणि प्रोसेस पडली, तर विचारणार कशाच्या आधारे? बँकेकडून 'असा व्यवहार आमच्याकडे नाही' असं निश्चित उत्तर आलं तरच पुन्हा पाठवा, आणि तोच क्रमांक वापरून पाठवा.

उत्तर आलं तरी काम संपत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये. बँकेने यादी स्वीकारली म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम जमा झाली असं नाही. खातं बंद असेल किंवा क्रमांक जुळत नसेल, तर समोरच्या बँकेने रक्कम परत करायची असते, आणि त्यासाठी बॅचच्या निपटाऱ्यानंतर दोन तासांची मुदत आहे. म्हणजे 'पाठवलं', 'बँकेने स्वीकारलं', 'जमा झालं', 'परत आलं' या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. तुमचा वर्कर या काळात मेसेज हातात धरून थांबू शकत नाही. त्याने विनंती करायची, टेबलात 'उत्तराची वाट' लिहायचं आणि मेसेज ॲक करून मोकळं व्हायचं. यूटीआर क्रमांकासह (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) बँकेची फाइल किंवा कॉलबॅक आला की तो स्वतः नवा मेसेज होऊन समन्वयकाकडे येतो. आणि 'तुमच्या खात्यावर रक्कम जमा' हा एसएमएस जमा झाल्यावरच जाऊ दे. बँक शाखेत हेलपाटा मारलेल्या माणसाला 'सर्व्हरचा प्रॉब्लेम होता' हे उत्तर देणं बरोबर नाही.

बाहेरच्या यंत्रणेने स्वतःच दुहेरीपणा रोखल्याचं उत्तम उदाहरण तुमच्याच कारखान्यात दुसरीकडे सापडेल: साखर विक्रीचं ई-इनव्हॉइस. त्यातला आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, हा चौसष्ट अक्षरांचा हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरूनच बनतो. तेच बिल पुन्हा पाठवलं की पोर्टल 'डुप्लिकेट आयआरएन' म्हणून २१५० क्रमांकाची चूक देतं. ही चूक आली की घाबरून मेसेज चुकीच्या ढिगात टाकू नका. त्याचा अर्थ मागच्या वेळी काम झालेलं होतं. बिलाच्या तपशिलावरून आयआरएन परत मागवा, आपल्याकडच्या रकमेशी ताडून पाहा आणि टप्पा 'झालं' करा. इथेही क्रमांक तयार करण्याचा टप्पा वेगळा आणि आधी कमिट केलेला हवा. वर्कर प्रत्येक प्रयत्नाला नवा बिल क्रमांक काढत असेल तर पोर्टलला ते वेगळं बिल दिसतं आणि सगळं संरक्षण निघून जातं. आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायला चोवीस तासच मिळतात, त्यामुळे दुहेरी बिल दोन दिवसांनी सापडलं तर क्रेडिट नोट किंवा जीएसटी विवरणपत्रातली दुरुस्ती असा लांबचा मार्ग धरावा लागतो.

मेसेज केवढ्या कामाचा असावा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या दुहेरी कपातीचा पुढचा अवतार इथेच दडलाय. एका कारखान्यात नेमकं काय झालं होतं ते सांगतो. त्यांनी रात्रीचा जॉब तसाच्या तसा उचलून एका मेसेजमध्ये घातला: 'पंधरवडा ४ ची बिलं करा'. वर्कर सगळं करून शेवटी ॲक देणार. छोट्या पंधरवड्यात ठीक चाललं. गाळप जोरात आलं तसं काम अर्ध्या तासाच्या वर गेलं. रॅबिटएमक्यूमध्ये ॲकची वाट बघायची मूळ मर्यादा तीस मिनिटं आहे. ती उलटली की ब्रोकर चॅनेल बंद करतो आणि मेसेज पुन्हा क्यूत टाकतो. पहिला वर्कर अजून कपाती करतोच आहे आणि दुसऱ्याने पहिल्या सभासदापासून सुरुवात केली. लॉगमध्ये एकही चूक नाही, दोघंही इमानेइतबारे काम करतायत. तिथे मर्यादा वाढवून वेळ मारून नेली गेली. खरा उपाय मेसेज लहान करण्याचा होता. हीच गोष्ट इतरत्र दुसऱ्या नावाने भेटते. एसक्यूएसमध्ये मेसेज इतरांपासून लपून राहण्याची मूळ मुदत तीस सेकंद आहे, काफ्काच्या कन्झ्युमरने पाच मिनिटांत पुन्हा मेसेज मागितले नाहीत तर त्याला गटातून बाहेर धरलं जातं.

एका सभासदाच्या एका बिलाला एक मेसेज, हे माप ठेवा. समजा पंधरवड्याला वीस हजार बिलं आहेत आणि एकाला एक सेकंद लागतो. एका वर्करला साडेपाच तास, आठ वर्करना साधारण पाऊण तास. एका वेळी हातात घ्यायच्या मेसेजांची संख्या, म्हणजे प्रीफेच, दहा-वीस ठेवा. मर्यादाच घातली नाही तर जो वर्कर आधी जोडला जातो तो सगळा ढीग आपल्याकडे ओढतो आणि बाकीचे सात रिकामे बसतात.

काम असं विखुरलं की 'सगळी बिलं झाली का' हा प्रश्न येतो, कारण बँकेची यादी सगळी झाल्यावरच काढायची आहे. शेवटच्या वर्करने आपलं बिल संपवून 'बाकी किती' मोजावं आणि शून्य आलं तर यादी सुरू करावी, असं सगळ्यांना सुचतं. शेवटची दोन बिलं एकाच वेळी संपली की प्रत्येकाला दुसऱ्याचं कमिट न झालेलं बिल 'बाकी' दिसतं. दोघंही म्हणतात अजून एक राहिलंय, आणि यादी निघतच नाही. त्यापेक्षा दर मिनिटाला टेबल तपासणारी एक झाडूवाली प्रोसेस ठेवा. ती बाकी शून्य झालेले पंधरवडे शोधते, अटीच्या अपडेटने पुढे सरकवते, आणि 'चालू' म्हणून फार वेळ पडून राहिलेली बिलंही पुन्हा क्यूत घालते. माझ्या मते सगळ्या रचनेतला सगळ्यात विश्वासू भाग हाच. ब्रोकर पूर्ण रिकामा करून पुन्हा सुरू केला तरी ही प्रोसेस टेबलावरून सगळे मेसेज परत उभे करू शकली पाहिजे. तसं जमत असेल तर टेबल खरंच वहीचं काम करतंय.

पुन्हा प्रयत्न करताना चुकांची जात आधी ओळखा. नेट गेलं, बँकेचा सर्व्हर व्यस्त, डेटाबेसमध्ये डेडलॉक (दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं): या थांबून पुन्हा करण्याच्या चुका. खाते क्रमांकात अक्षर कमी, आयएफएससी रद्द: या शंभर वेळा केल्या तरी त्याच राहणाऱ्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरामध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये विलीन झाल्या आणि पुढे जुने आयएफएससी बंद झाले, तशा प्रकारच्या. दुसऱ्या जातीची चूक पहिल्याच वेळी माणसाकडे गेली पाहिजे. पहिल्या जातीला वाढत्या अंतराने वेळ द्या, आणि त्या अंतरात थोडी यादृच्छिक भर घाला, नाहीतर बँकेचा सर्व्हर उठल्या क्षणी तुमचे सगळे मेसेज एकदम त्याच्यावर जाऊन पडतात.

रॅबिटएमक्यूच्या क्लासिक क्यूमध्ये मेसेजवार मुदत लावून हे अंतर साधायला जाल तर एक खाच आहे. मुदत संपलेला मेसेज क्यूच्या तोंडाशी आल्यावरच बाहेर पडतो. पुढे एक तासाचा मेसेज असेल तर त्याच्यामागचा दहा सेकंदांचाही तासभर अडतो. एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास अशा ठरावीक मुदतीच्या वेगळ्या क्यू ठेवा, किंवा 'पुढचा प्रयत्न कधी' हा रकाना आणि झाडूवाली प्रोसेस वापरा. मी दुसरं पसंत करतो.

सगळे प्रयत्न संपलेले मेसेज जिथे जातात, त्या डेड लेटर क्यूला मालक हवा. ती फक्त डेव्हलपरला दिसत असेल तर तिच्यात हंगामभर मेसेज साचतात. ऊस बिल विभागातल्या क्लार्कसाठी मराठीत एक साधा स्क्रीन करा: सभासदाचं नाव, गाव, गट, रक्कम, कारण ('खाते क्रमांक बँकेने नाकारला'), आणि 'दुरुस्त करून पुन्हा पाठवा' असं बटण. तो माणूस गटातल्या स्लिप बॉयला फोन करून अर्ध्या तासात पासबुकचा फोटो मागवतो. एवढं कोणत्याही प्रोग्रामला जमणार नाही.

मागे फिरण्याबद्दल थोडंच. अनेक टप्प्यांच्या कामाला एकच मोठं ट्रान्झॅक्शन लावता येत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला उलटा टप्पा जोडावा, ही कल्पना हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये 'सागा' नावाने मांडली. हिशोब खात्याला ती नवी नाही. तिथे नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद टाकतात. तुम्हीही तसंच करा. पण पैसे बँकेतून सुटले की त्याला उलटा टप्पा नाही, पुढच्या बिलातून वसुली एवढाच मार्ग उरतो. म्हणून जे जे फसू शकतं ते सगळं बँकेच्या आधी आणा: खात्याची पडताळणी, कपातीची बेरीज उणे तर जात नाही ना हे पाहणं, मंजुरी. बँकेनंतर फक्त न फसणारी कामं राहू द्या.

काट्याचं वेगळं आहे. तिथलं नेट जाणारच आणि ट्रॅक्टरची रांग थांबवता येत नाही. काट्यावरच्या संगणकात स्वतःचं छोटं टेबल आणि आउटबॉक्स असू द्या, पावती क्रमांकात काट्याचा क्रमांक घाला म्हणजे दोन काट्यांच्या पावत्या एकमेकींवर आदळणार नाहीत, आणि वजन झाल्याची वेळ मेसेजमध्ये लिहा. मेसेज पोचल्याची वेळ ही वजनाची वेळ धरू नका, पंधरवड्याच्या शेवटच्या रात्री तेवढ्यावरून बिल बदलतं. भरलेल्या वजनाआधी रिकामं वजन पोचलं तरी बिघडू नये. दोन्ही आल्यावरच पावती पूर्ण होते, असं टेबलात ठेवलं की क्रमाची चिंता मिटते.

काही मेसेज उशिरा पोचण्यापेक्षा न पोचलेले बरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा वीज आणि नेट कित्येक ठिकाणी काही दिवस बंद होतं. अशा खंडानंतर प्रणाली उठते तेव्हा 'तुमची गाडी काट्यावर आली आहे' असे चार दिवसांपूर्वीचे एसएमएस धडाधड सुटतात. सूचनांच्या मेसेजला मुदत लावा, पैशाच्या मेसेजला कधीच लावू नका.

मेसेजमध्ये रक्कम घालू नका. बिल क्रमांक, टप्पा आणि आवृत्ती एवढं पुरे, बाकी वर्करने टेबलातून वाचावं. मेसेज क्यूत असताना कपात दुरुस्त झाली तर आतली रक्कम शिळी होते. आणि आवृत्ती लागतेच, कारण ऐन हंगामात नवा कोड चढवाल तेव्हा क्यूत जुन्या पद्धतीचे मेसेज उभे असतील.

आता रॅबिटएमक्यू की काफ्का. तुमचा आकडा मांडून बघा. दिवसाला साडेसात हजार टन गाळप आणि खेपेला सरासरी पंधरा टन धरले तर पाचशे खेपा, म्हणजे तीन मिनिटांना एक. पंधरवड्याला वीस हजार बिलं. एवढ्या कामाला काफ्काचा भार तुमच्या लहान टीमने का उचलावा, याचं कारण मला दिसत नाही. इतकंच काय, पोस्टग्रेस ९.५ पासून 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' ही सोय आहे. तिच्यामुळे अनेक वर्कर एकाच टेबलातून एकमेकांना न अडवता ओळी उचलू शकतात. टेबलच क्यू झालं की आउटबॉक्सही लागत नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिला हंगाम यावरच काढला असता. काटे, ॲप, एसएमएस, डिस्टिलरी असे वेगवेगळ्या टीमचे भाग जोडायची वेळ आली की रॅबिटएमक्यू आणा, आणि आणाल तेव्हा कोरम क्यू, म्हणजे मेसेजच्या प्रती अनेक सर्व्हरवर बहुमताने सांभाळणाऱ्या क्यू, वापरा. जुन्या पद्धतीच्या मिरर्ड क्यू ४.० आवृत्तीतून काढून टाकल्या आहेत. टेम्पोरल किंवा कॅमुंडा यांसारखी वर्कफ्लो इंजिनं चांगली आहेत, पण टप्पे पाच-सहा आणि फाटे कमी असताना ती शिकण्याचा खर्च निघणार नाही.

देखरेखीत क्यूची लांबी बघून फार कळत नाही. सगळ्यात जुना मेसेज किती वेळ पडून आहे ते बघा. आणि त्याहून महत्त्वाचं घड्याळ कायद्याचं आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होतं. मुदत उसाच्या तारखेपासून सुरू होते, बिलाच्या तारखेपासून नाही. पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी आलेल्या उसाची मुदत पंधरवडा बंद होता होताच संपत आलेली असते. म्हणून टेबलात प्रत्येक बिलासमोर त्यातल्या सगळ्यात जुन्या पावतीची तारीख ठेवा आणि अडकलेली बिलं त्या क्रमाने दाखवा. चुकीच्या खात्यामुळे थांबलेलं एखाद्या अल्पभूधारकाचं छोटं बिल मोठ्या रकमांच्या यादीत तळाला जाऊन बसतं. तारखेने लावलं की ते वर येतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी एक चाचणी नक्की करा. मागच्या पंधरवड्याचा खरा डेटा वेगळ्या सर्व्हरवर घ्या, बँकेच्या जागी खोटी सेवा लावा जी काही विनंत्यांना पैसे 'पाठवून' उत्तर देणार नाही, आणि काम चालू असताना वर्कर कुठल्याही क्षणी मारत राहा: कमिटआधी, कमिटनंतर, ॲकच्या आधी. मग सगळे मेसेज मुद्दाम दुसऱ्यांदा पाठवा. शेवटी कपातीची बेरीज, बँकेच्या यादीची बेरीज आणि जर्नलची बेरीज रुपया-पैशाला जुळली पाहिजे. एका पैशाचाही फरक आला तर तो कोणत्या सभासदाचा, कोणत्या टप्प्यावरचा, हे शोधल्याशिवाय बँकेचं खरं कनेक्शन जोडू नका.